गिटारच्या पोटातली पट्टी

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

कुठेही मधे घुसते म्हणून तू मला पाचर म्हणायचास ना, तर तुला न विचारता मी एक उद्योग करून बसले आहे. ओरडायचं असेल तर ओरड, पण पत्र वाचून झाल्यावर. मी एक जुनी गिटार घेऊन आले आहे. तुझ्यासाठी.

कागद चुरगाळू नकोस. एकतीस वर्षांत तू गिटारला हात लावलेला नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण मागच्या पत्रात तूच लिहिलंस ना, की डॉक्टरांनी बोटं हलती ठेवायला सांगितली आहेत, आणि दिवसभर लिफ्टच्या मोटारी उघडून-जोडून घरी आलास की रबरी चेंडू दाबत बसतोस? एक्कावन्न वर्षांचा बाप्या चेंडू दाबत बसलाय, हे चित्र काही माझ्या डोळ्यांपुढून हलेना. म्हटलं, बोटंच हलवायची तर जरा बऱ्या गोष्टीवर हलव.

मिळाली कशी ते ऐक. किराणा दुकानाच्या दारावर चिठ्ठी होती, ‘घर सोडत आहे, जुने सामान द्यायचे आहे.’ मी गेले कपाट बघायला. घर एका गाणं शिकवणाऱ्या बाईंचं. आता शिकवत नाहीत, मुलीकडे राहायला निघाल्या आहेत. कपाटाला वाळवी लागली होती, ते काही मी घेतलं नाही. पण भिंतीवर एक गिटार टांगलेली, नखशिखांत काळी रंगवलेली, जशी काही शाळेतल्या फळ्यातून कापून काढली आहे. मी सहज भोकातून आत डोकावले, तर आत लाल कागद चिकटवलेला. तुझी होती त्याच कारखान्याची, अगदी तोच कागद! माझे हात आपोआप पुढे झाले. बाई म्हणाल्या, “न्या, पण ती वाजत नाही हो. मुकी आहे.” मी म्हटलं, मी मोडक्या वस्तूंचंच खाते, बघते काय करता येतं ते.

आता ती दुकानात आहे, सोफ्याच्या सांगाड्यामागे, चादरीखाली. बाबांना दाखवलेली नाही. त्यांचं नाव काढू नकोस असं तू दर वेळी लिहितोस आणि दर वेळी मी काढते, तेव्हा थोडक्यात सांगते. एक्क्याऐंशी पूर्ण झाली. सकाळी काठी टेकत दुकानात येतात, हात थरथरतात, जीभ मात्र थरथरत नाही. मी खुर्ची दुरुस्त केली की ती उलटी करायला लावतात आणि विचारतात, “लिहिलंस का?” आठवतं ना त्यांचं ते? जोडलेल्या तुकड्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलने लिहायचं, काय मोडलं, कशाने मोडलं, कोणी मोडलं. ‘उजवा मागचा पाय. झोके घेऊन. घरमालकाचा जावई.’ पुढे कधी दुसऱ्या सुताराने उघडलं तर त्याला खरं कारण कळायला हवं, कारण कळल्याशिवाय दुरुस्ती पुरी होत नाही, म्हणतात. मी अजून लिहिते. सुटत नाही.

त्या दुपारबद्दल मी काही लिहीत नाही. तुला माहीत आहे, मलाही आहे. ही गिटार म्हणजे ती नव्हे, एवढं लक्षात ठेव आणि नाही म्हणू नकोस.

तुझी
पाचर


२२ फेब्रुवारी

दादा,

अक्षर लागलं नाही तर समजून घे. क्रमाने सांगते, नाहीतर माझंच डोकं जागेवर राहायचं नाही.

दोन गल्ल्या पलीकडे वाद्यं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग कायम लावलेलं, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणतात. मी खुर्च्या-टेबलांची माणूस, गिटारच्या बाबतीत ढ. म्हणून ती घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी बोटाच्या पेराने पोटावर ठोकलं, ऐकलं, परत ठोकलं. मग दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा भोकातून आत घातला, सोबत एक इवलासा दिवा. बराच वेळ बघत राहिले.

“ताई,” म्हणाले, “ही गिटार नाही. हे स्टूल आहे. बसा हवं तर, काही होणार नाही.”

मी हसले. ते म्हणाले, “हसू नका, खरं सांगतो. वरची फळी मोडली होती. ती कुणीतरी आतून जोडली आणि आडवी पट्टी मारली, दाराच्या पाठीला मारतात तसली, अंगठ्याएवढी जाड. सुताराचं काम. सांधा बघाल तर एक नंबर. पण अहो, ही फळी थरथरली तर आवाज. त्याने तिला जखडून ठेवलंय, ती थरथरणार कुठून? आणि मागची फळी काढून परत बसवलीय, तीही अशी की मला आधी कळलंच नाही. हात सोन्यासारखा, पण वाद्याचं ओ की ठो माहीत नाही.” मग म्हणाले, “पट्टीवर पेन्सिलनं काही लिहिलंय. आरशात उलटं दिसतंय आणि वर धूळ, वाचता येत नाही.”

तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पडला नाही. किंवा मी पडू दिला नाही.

काळा रंग काढायचं काम मी माझ्याकडे घेतलं. बाबांनी शिकवलं तसं, फुटक्या काचेच्या धारेने हळूहळू खरवडत. रोज तासभर, बाबा घरी गेल्यावर. पोटाचा रंग निघाला, बाजूंचा निघाला, आतलं लाकूड मधासारखं पिवळं. काल डोक्याची पट्टी घेतली, खुंट्या असतात ती. रंग सुटला तशी दोन भोकं दिसली, टाचणीएवढी. आणि दोन्हींच्या मध्ये एक फिकट डाग. चिमणीच्या आकाराचा.

दादा, तुझ्या पहिल्या सायकलचा पितळी बिल्ला. चिमणीचा. तूच तो काढून गिटारच्या डोक्यावर ठोकला होतास आणि बाबा ओरडले होते, “खिळा मारायच्या आधी भोक पाडावं, गाढवा, लाकूड चिरतं.” खालच्या भोकापाशी चीर आहे. केसाएवढी. मी त्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं.

ही तुझीच आहे. तिच्यासारखी नव्हे. तीच!

बाबांनी ती सरस वितळवायच्या शेगडीत घातली असं त्यांनीच सांगितलं होतं. आईने राखेत तारा शोधल्या होत्या, मला आठवतं, सापडल्या नव्हत्या. तरी कुणाला शंका आली नाही.

हाताला रंग लागलेला तशीच बाईंकडे धावत गेले. त्यांचं अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. विचारलं, ही गिटार तुमच्याकडे आली कुठून? म्हणाल्या, “एका सुतारानं ठेवायला दिली होती. फार वर्षं झाली. म्हणाले, मुलाची आहे, तो आला की न्यायला येईन. दर वर्षी यायचे हो. तारा सैल करायचे, फडक्यानं पुसायचे, उजेडात धरून बघायचे आणि पाणीसुद्धा न पिता जायचे. भाच्यानं ती काळी रंगवली तेव्हा काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी पुसताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मग सात वर्षं आलेच नाहीत. मला वाटलं गेले बिचारे. म्हणून तुम्हाला देऊन टाकली. माझं चुकलं का?”

सात वर्षांपूर्वी बाबांचं खुब्याचं हाड मोडलं.

मी बाईंना म्हटलं, नाही, तुमचं काही चुकलं नाही. घरी आले. बाबा खिडकीत बसून पेपर वाचत होते. मी त्यांच्याकडे बघत उभी राहिले, तर म्हणाले, “काय झालं? भूत बघितलंस का?” चोवीस वर्षं हा माणूस दर वर्षी एका परक्या घरात जाऊन तुझी गिटार पुसत होता, आणि आमच्यापैकी कुणाला त्याची गंधवार्ता नव्हती. ज्याने मोडली म्हणून तू घर सोडलंस, तोच.

मला आणखी काही सुचत नाही. आत काय आहे ते भिंगकाका पुढच्या आठवड्यात उघडतील.

पाचर


५ मार्च

प्रिय दादा,

मागची फळी उघडली. मजेशीर काम असतं. पातळ सुरी गरम करायची आणि सांध्यातून अगदी सावकाश सरकवायची. जुना सरस असल्यामुळे तो लोण्यासारखा सुटतो. आजकालचा दोन नळ्या मिसळून लावायचा गोंद असता तर फळी तुटली असती पण सुटली नसती. बाबा म्हणतात ते खरं आहे, सरस हा सभ्य माणूस आहे, धरतो घट्ट पण जा म्हटलं की जातो.

आत विशेष काही नव्हतं. धूळ, एक मेलेला कोळी, आणि ती पट्टी. पेन्सिलने लिहिलेली मापं होती, दुसरं काही नाही. बाबांना मापं लिहायची सवयच आहे. पट्टी काढली आणि केराच्या डब्यात टाकली. आता भिंगकाका तिथे पातळ पट्ट्या लावतील.

इकडे ऊन वाढलं आहे. तुझ्या बोटांचं कसं काय?

पाचर


७ मार्च

दादा,

परवाच्या पत्रात मी खोटं लिहिलं.

पट्टी केरात टाकलेली नाही. ती माझ्यासमोर बाकावर आहे, दोन दिवस झाले. दुकान उघडते, तिच्याकडे बघते, बंद करते. काल एका गिऱ्हाइकाचं टेबल मी उलटं जोडलं, पाय आकाशात. ते तसेच निघून गेले.

पट्टीवर मापं नाहीत. बाबांच्या अक्षरात आहे, नेहमीच्या पद्धतीने. जसंच्या तसं उतरवते.

‘वरची फळी. पडून नाही. वरून गुडघा देऊन, मुद्दाम. धाकटी. जो कोणी उघडेल त्याने मोठ्याला सांगू नये.’

खाली तारीख. तू गेलास त्याच्यानंतरचा चौथा दिवस.

भिंगकाकांनी धूळ फुंकली, वाचलं, भिंग काढलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. “तुमच्या ओळखीचं आहे का?” म्हणाले. मी नाही म्हटलं. मग हो म्हटलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन उगाच काहीतरी ठोकत बसले.

धाकटी म्हणजे मीच. आपल्या घरात दुसरी नाही.

गिटार मी मोडली, दादा. बाबांनी नाही.

त्या दिवशी जेवताना तुमचं वाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बंदरावर जाणार होतास, जहाजावरच्या बँडसाठी निवड होती. बाबा म्हणाले, “हे लाकूड माझ्या हाती लागलं तर शेगडीत घालीन.” तू ताट सरकवून बाहेर गेलास. बाबा खाली दुकानात गेले. आई जरा झोपली होती. मी तुझ्या खोलीत गेले. गिटार पलंगावर आडवी होती. मला वाटलं, ती नसेल तर तू जाणार नाहीस. चौदा वर्षांच्या डोक्यात एवढंच शिरलं. तू जहाजावर गेलास की मी, आई आणि बाबांचा आरडाओरडा, एवढंच घर उरणार होतं. मी गुडघा टेकला. ती नुसती कुरकुरली. मी उठले असते तर तेवढ्यावर निभावलं असतं. उठले नाही. सगळं अंग टाकलं.

चुकून पडली, असं मी स्वतःलाही कितीदा तरी सांगून बघितलं आहे. ‘पडून नाही’ हे बाबांनी पहिल्यांदा लिहिलंय. सुताराला मोडलेलं लाकूड वाचता येतं, हे मी विसरले होते.

तू परत आलास. खोलीत गेलास. मग खाली दुकानात. मी दाराआड उभी होते. तू विचारलंस, “तुम्ही मोडलीत?” बाबांनी रंधा थांबवला. “हो,” म्हणाले, “मीच.” मला तेव्हा वाटलं, हट्टाने म्हणाले. तुझ्यापुढे नमतं घ्यायचं नाही म्हणून. एकतीस वर्षं मी हेच धरून बसले, की त्यांना खरं माहीतच नाही, रागाच्या भरात उगाच अंगावर घेतलं. माझं फावलं. मी एक शब्द बोलले नाही. त्यांना सगळं माहीत असेल हे माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नव्हतं.

संध्याकाळी तू बॅग घेऊन गेलास. म्हणजे ज्यासाठी मोडली तेही साधलं नाही.

आई नऊ वर्षांपूर्वी गेली, तीही बाबांनीच मोडली असं समजून. त्या दिवसानंतर तिने चहाचा कप त्यांच्या हातात म्हणून दिला नाही. टेबलावर ठेवायची आणि वळायची. बावीस वर्षं टेबलावर ठेवला. मी समोर बसलेली असायचे.

आणि तू. दर पत्रात लिहितोस, त्या घरात माझं म्हणावं असं तू एकटीच आहेस. ते वाचून मी काय करायचे सांगू? पत्राची घडी घालायचे आणि जेवायला बसायचे. नीट जेवायचे, दादा. हेच मला स्वतःचं सगळ्यात भयंकर वाटतं.

हे पत्र मी आत्ताच पेटीत टाकते. उद्यावर ठेवलं तर टाकणार नाही.


१२ मार्च

दादा,

बाबांना विचारलं. आधीचं पत्र तुला मिळालं असेल-नसेल, तरी हे लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायला मला माणूस नाही.

सकाळी ते दुकानात आले. मी पट्टी त्यांच्यापुढे ठेवली. चष्मा वर केला, खाली केला, लिहिल्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं आता काहीतरी होईल, कोसळतील, रडतील. पहिलं वाक्य काय आलं माहीत आहे?

“उघडताना मागची फळी तर नाही ना चिरलीत?”

“नाही.”

“कोणी उघडली?”

“भिंगकाकांनी. बाबा, तुम्हाला माहीत होतं?”

“तुझ्या गुडघ्यातलं कुसळ कोणी काढलं होतं?”

मी साफ विसरले होते. त्या संध्याकाळी माझ्या गुडघ्यात लाकडाचं कुसळ रुतलं होतं. मी दुकानात गेले, बाकावरून लागलं म्हटलं. बाबांनी मला स्टुलावर बसवून चिमट्याने ते काढलं, उजेडाकडे धरून बघितलं, आणि गुडघ्यावर फुंकर घातली. तेव्हा आपल्या दुकानात सगळं काम तपकिरी लाकडाचं. ते कुसळ पांढरं होतं, गिटारच्या फळीसारखं. बाबा एवढंच म्हणाले, “पळ.”

“पण तुम्ही त्याच्या आधीच हो म्हणालात,” मी म्हटलं. “दादाला.”

“दाराच्या फटीतून तुझा फ्रॉक दिसत होता. तू एवढी थरथरत होतीस की दार हलत होतं.”

ते पट्टी पालथी करून तिचा काठ तपासत होते. मग आपणहून म्हणाले, “मला वाटलं आठ दिवसांत येईल. बापावरचा राग तो, किती दिवस टिकणार? म्हणून लगेच जोडून ठेवली. आला की हातात देणार होतो.”

“आणि नाही आला तेव्हा? तेव्हा तरी सांगायचं ना!”

“तेव्हा तो तुला लिहायला लागला होता. तेवढं एक दार उघडं राहिलं होतं. तेही मी लावून घेऊ?”

“आईला तरी?”

बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती सुरू होत नव्हती. “आईनं तुझ्याकडे कसं बघितलं असतं मग?” म्हणाले. “माझं काय, मला सवय झाली होती.”

मी रडले, दादा, मोठ्याने, गिऱ्हाईक येईल-जाईल ह्याची पर्वा न करता. त्यांनी थरथरत्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचे तशी. आणि म्हणाले, “मजबूत केली होती चांगली. परत कोणी उभं राहिलं असतं तरी मोडली नसती.” त्या पट्टीने गिटार मुकी झाली, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगणारही नाही, आणि तूही कधी सांगू नकोस.

“त्याला लिहू नकोस यातलं काही,” म्हणाले.

“लिहिलं. टाकलंसुद्धा.”

तेव्हा मात्र भडकले. काठी आपटली. “तुला कुणी सांगितलं होतं? स्पष्ट लिहून ठेवलं होतं ना मी!” दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी चहा मी त्यांच्या हातात दिला, तो घेतला.


३० मार्च

दादा,

गिटार आज पाठवली. लाकडी पेटी मी स्वतः केली, आत कापसाचा जाड थर भरला आहे. उघडताना पटाशी लावू नकोस, स्क्रू आहेत.

भिंगकाकांनी आतून बोटभर लांबीच्या पातळ चकत्या लावल्या आणि मोडलेल्या फळीच्या रेषा अशा जुळवल्या की आता शोधूनही सापडत नाही. रंग पुन्हा दिला नाही, नुसतं पॉलिश. बिल्ल्याची भोकं बुजवू का विचारत होते, मी नको म्हटलं. तारा चढवल्यावर त्यांनी एकदाच छेडलं. इतका मोठा आवाज त्या पोटात होता! मला एकदम तू खोलीत बसला आहेस असं वाटलं आणि मी बाहेर जाऊन उभी राहिले.

तुझं उत्तर नाही. तीन आठवडे झाले. टपालवाल्याने आता मी विचारायच्या आधीच नाही म्हणून मान हलवायला सुरुवात केली आहे.

मी माफी मागत नाही, कारण मागितली की तुला द्यावी का नाही ते ठरवावं लागेल, आणि तुझ्यावर तेवढंही ओझं टाकायचा मला हक्क नाही. पण बाबांना एकदा फोन कर. ते एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. मला सोड, त्यांना कर.


१८ एप्रिल

दादा,

काल जे झालं ते तुला माहीत आहे, पण ह्या बाजूने कसं दिसलं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

दुपारी साडेचारला घरातला जुना फोन वाजला. तो आता वर्षातून दोनदा वाजतो, तोही चुकून. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. बाबांनी उचलला. “कोण?” म्हणाले. परत म्हणाले, “कोण?” आणि मग काठी खाली पडल्याचा आवाज आला. मी धावत आले, तर ते खुर्चीत बसले होते, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरलेला. मला हाताने खूण केली, थांब. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं. नंबर तुझ्या लक्षात होता तर. इतक्या वर्षांनी!

पहिल्यांदा नुसते हं, हं करत होते. मग म्हणाले, “मिळाली ना? वाजते?” तू काहीतरी सांगितलंस, ते हसले. आणि मग, दादा, मी माझ्या कानांनी ऐकलं. ते म्हणाले, “नाही रे. तिचं काय ऐकतोस. ती मला वाचवायला स्वतःवर घेतेय. मीच मोडली. रागात होतो. तू तिला काही बोलू नकोस.”

मी दारात उभी. हातात ओलं फडकं. माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांत बघत हा माणूस परत तेच खोटं बोलत होता, तितक्याच शांतपणे, आणि तेच खोटं परत चालून गेलं असतं. तुलाही ते सोपं पडलं असतं. मलाही. मी नुसती उभी राहिले असते तरी पुरलं असतं.

मी त्यांच्या हातातला फोन ओढला. त्यांनी सोडला नाही, आमची झटापट झाली, एक्क्याऐंशी वर्षांच्या माणसाशी. मी ओरडले, “दादा, बाबा खोटं बोलतायत. मी मोडली. मुद्दाम मोडली. ते आधीही खोटं बोलले होते आणि मी ऐकत उभी होते.”

मला वाटलं लाइन गेली. मग तुझा श्वास ऐकू आला. तुझा आवाज कसा असेल ह्याचा मी किती विचार केला होता. तो जाड झाला आहे, थोडा बाबांसारखा.

तू म्हणालास, “फोन बाबांना दे.”

मी दिला.

तुम्ही पाऊण तास बोललात. मी मागच्या पायरीवर बसले होते, शब्द ऐकू येत नव्हते, बाबांचं हसणं दोनदा ऐकू आलं. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. तू काय म्हणालास ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. नुसतं म्हणाले, “परत फोन करेन म्हणालाय.”

दुकानाच्या पत्त्यावर मला पत्र आलं नाही तरी मी समजून घेईन. बाबांसाठी थोडं सांगून ठेवते. दुपारी चारपर्यंत ते झोपतात, त्यानंतर कर. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नाही, फोन उजव्याला धरतात, तरी जरा मोठ्याने बोल. खुर्चीतून उठून फोनपर्यंत यायला त्यांना वेळ लागतो, लगेच ठेवू नकोस, वाजू दे. मी घरात असले तरी उचलणार नाही.